क्लूनीचा मठ कोणीं पाडला?



नोव्हेंबरच्या दोन तारखेस वसईकडील किंवा गोव्यांतील एखाद्या ख्रिस्ती दफनभूमीजवळून आपण संध्याकाळीं गेलां असाल, तर एक देखावा आपल्या ध्यानांत राहिला असेल. थडगीं झाडून-पुसून स्वच्छ केलेलीं असतात, त्यांवर फुलें वाहिलेलीं असतात आणि मेणबत्त्यांच्या ओळी लागलेल्या असतात. घरांतील गेलेल्या माणसांच्या स्मरणाचा तो दिवस. आपल्याकडे भाद्रपदांत पितृपक्ष येतो, तसाच कांहींसा हा प्रकार, असें मनाशीं म्हणून आपण पुढें जातों. या दिवसाचा उगम मात्र रोममध्यें नाहीं, आणि जेरुसलेममध्येंही नाहीं. फ्रान्स देशाच्या बर्गंडी प्रांतांत, ग्रोन नांवाच्या एका लहानशा नदीच्या खोऱ्यांत, क्लूनी म्हणून एक गांव आहे. वस्ती पांच हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्याकडील एखाद्या बाजारगांवाएवढी. तेथील मठाचा अधिपति ओडिलो यानें इ. स. १००० च्या आगेंमागें असा नियम घातला कीं, सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशीं आपल्या मठांत व आपल्या आज्ञेंतील साऱ्या मठांत, आजवर मृत झालेल्या समस्त श्रद्धावंतांसाठीं प्रार्थना व्हावी. तो नियम क्लूनीहून पश्चिम युरोपभर पसरला, आणि पुढें कित्येक शतकांनीं पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यास लागला.

ज्या मठानें साऱ्या मृतांची आठवण ठेवण्याचें व्रत घेतलें, त्या मठाचें स्वतःचें काय झालें, तें आज सांगावयाचें आहे. त्यास एक खासगी कारणही आहे. माझ्या नोकरीच्या काळांत मी मुलांना युरोपचा इतिहास शिकवीत असें. क्रमिक पुस्तकांत क्लूनीच्या वांट्याला जेमतेम दोन ओळी येत. एकदां एका मुलानें विचारलें, "मास्तर, तें एवढें मोठें देऊळ आतां कोठें आहे?" मी म्हटलें, "पाडलें." "कोणीं पाडलें?" मी फ्रेंच राज्यक्रांतीचें नांव घेतलें आणि तितक्यांत घंटा झाली. उत्तर सर्वस्वी खोटें नव्हतें. पण तें खरेंही नव्हतें, हें मला सेवानिवृत्तीनंतर फावल्या वेळीं वाचन करतांना कळलें. त्या मुलाला द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर आज आपणांस देतों. मी फ्रान्स पाहिलेला नाहीं. माझा सारा प्रवास पुस्तकांतला आणि नकाशावरचा, हें आरंभींच कबूल केलेलें बरें.

इ. स. ९१० मध्यें ॲक्विटेनचा ड्यूक विल्यम यानें क्लूनी येथील आपली जहागीर एका नव्या मठास दान दिली. ही जागा त्याच्या आवडत्या शिकारीची होती, आणि त्याचीं शिकारी कुत्रीं तेथें पाळलेलीं असत. बर्नो नांवाच्या ज्या यतीला त्यानें मठ स्थापण्यास बोलाविलें, त्यानें नेमकी हीच जागा मागितली. विल्यम घुटमळला; कुत्रीं हलवावीं लागतील, म्हणाला. तेव्हां, देवाच्या दारीं कुत्र्यांचें भुंकणें तुझ्या अधिक उपयोगी पडेल कीं यतींची प्रार्थना, असें बर्नोनें त्याला विचारल्याची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, दानपत्र मात्र खरें आहे, आणि तें आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. त्यांत विल्यमनें लिहून दिलें आहे कीं, हा मठ पीटर व पॉल या दोन प्रेषितांच्या मालकीचा. यावर कोणा राजाची, उमरावाची, बिशपाची, इतकेंच काय पण खुद्द माझी व माझ्या वंशजांची सत्ता चालणार नाहीं. यतींनीं आपला अधिपति आपणच निवडावा. आणि दर पांच वर्षांनीं रोम येथील प्रेषितांच्या मंदिरांतील दिव्यांसाठीं दहा नाणीं पाठवावीं, बस्स. शेवटीं, हें दान जो कोणी मोडील त्याला भयंकर शाप दिलेले आहेत. आपल्याकडील ताम्रपटांचीं वाचनें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांना हा शेवट ओळखीचा वाटेल. यावच्चंद्रदिवाकरौ चालावें म्हणून दिलेल्या दानाची भाषा सर्व देशांत एकच असते.

त्या काळीं ही केवढी सवलत होती, तें लक्षांत घेतलें पाहिजे. दहाव्या शतकांतील युरोपांत मठ म्हणजे बहुधा कोणा सरदाराची खासगी मिळकत असे. तो आपल्या धाकट्या मुलाला किंवा मेहुण्याला मठाधिपति करी आणि उत्पन्न खाई. क्लूनीवर असा धनीच उरला नाहीं. जो होता तो दूर रोममध्यें, आणि तो त्या वेळीं स्वतःच दुबळा. शिवाय क्लूनीला अधिपतिही दीर्घायुषी लाभले. ओडिलो हा ९९४ पासून १०४९ पर्यंत गादीवर होता, आणि त्याच्या मागून आलेला ह्यू हा १०४९ पासून ११०९ पर्यंत. म्हणजे एकशें पंधरा वर्षांत दोनच माणसें! तेवढ्या काळांत इंग्लंडचें तख्त कितीदां पालटलें, तें मोजून पाहावें. याच अवधींत दूरदूरचे मठ आपण होऊन क्लूनीच्या आज्ञेंत आले, नवे स्थापन झाले, आणि शेवटीं त्यांची संख्या हजाराच्या घरांत गेली.

लोक क्लूनीला जमिनी, द्राक्षमळे, गिरण्या, जंगलें देत, तें कशासाठीं? मृतांसाठीं. आपलें व आपल्या आईबापांचें नांव मठाच्या मृतनोंदींत चढावें, आणि पुण्यतिथीस तें नांव उच्चारून प्रार्थना व्हावी, एवढ्यासाठीं. प्रार्थनेबरोबर अन्नदानही असे. मठांतील एखादा यति वारला, कीं त्याचें ताट तीस दिवस एका गरिबाला वाढावयाचें, आणि पुढें दरसाल त्याच्या मृत्युदिनीं एका गरिबाला जेवूं घालावयाचें. कल्पना मोठी सुंदर आहे. पण हिशेबाच्या दृष्टीनें पाहिलें तर तींत एक घातक गोष्ट होती. जिवंत यतींची संख्या वाढते आणि घटते; मृतांची संख्या कधींच घटत नाहीं.

हें पुढें नडलें. पण त्यापूर्वीं वैभवाचा काळ सांगितला पाहिजे. स्पेनमधील लिओनचा राजा फर्डिनंड यानें क्लूनीला दरसाल एक हजार सुवर्णनाणीं देण्याचें कबूल केलें होतें. त्याचा मुलगा सहावा आल्फोन्सो यानें १०७७ मध्यें तीं दुप्पट केलीं. हें सोनें कोठलें? स्पेनच्या दक्षिणेकडील लहानलहान मुसलमान राजे या ख्रिस्ती राजांना जी खंडणी भरीत, त्यांतलें. त्या सोन्याच्या बळावर ह्यूनें १०८८ मध्यें नवें मंदिर बांधावयास घेतलें. त्यासंबंधीं अशी आख्यायिका आहे कीं, गुंझो नांवाचा एक वृद्ध यति पक्षघातानें अंथरुणास खिळलेला असतां, त्याच्या स्वप्नांत पीटर, पॉल आणि पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्टीफन आले, आणि दोऱ्या ताणून त्यांनीं मंदिराची लांबीरुंदी आंखून दाखविली. ह्यूला हें सांग, म्हणजे तूं बरा होशील, असें ते म्हणाले. आणि गुंझो उठून चालूं लागला. बाराव्या शतकांतील एका हस्तलिखितांत त्या दोऱ्यांचें चित्र आहे.

ख्रिस्ती मंदिराचा पाया जमिनीवर क्रुसासारखा असतो. उभ्या दालनाला एक आडवें दालन छेदून जातें. क्लूनीच्या या मंदिराला अशीं आडवीं दालनें दोन होतीं. उभ्या दालनांत खांबांच्या रांगांनीं पांच वाटा पाडलेल्या होत्या. दर्शनी भागासह सारी लांबी पुढें १८७ मीटर, म्हणजे सहाशें फुटांहून अधिक, आणि दगडी छत शंभर फुटांच्या सुमारास. रोम येथील सेंट पीटरचें आजचें मंदिर उभें राहीपर्यंत, म्हणजे जवळजवळ पांचशें वर्षें, पश्चिमेकडील ख्रिस्ती जगांत याहून मोठें मंदिर नव्हतें. ११३० मध्यें पोप दुसरा इनोसंट यानें येऊन त्याची प्रतिष्ठापना केली.

पण तोंवर सोन्याचा झरा आटला होता. उत्तर आफ्रिकेंतून आलेल्या अल्मोराविद लोकांनीं स्पेनमधील तीं लहान राज्यें बुडविलीं. राज्यें बुडालीं तेव्हां खंडणी बुडाली. खंडणी बुडाली तेव्हां क्लूनी कर्जांत आलें. ११२२ मध्यें गादीवर आलेला पीटर याला इतिहास 'पूज्य पीटर' म्हणून ओळखतो. त्याच्या वांट्याला पसारा आला आणि पैसा आला नाहीं. ११२५ मध्यें तर नव्या मंदिराच्या छताचा एक भाग कोसळला. यतींची संख्या तीनशेंच्या वर गेली होती आणि मृतांच्या नांवचीं ताटें दिवसेंदिवस वाढत होतीं. शेवटीं पीटरनें नियम केला कीं, कोणत्याही एका दिवशीं मृतांच्या नांवें पन्नासांहून अधिक ताटें वाढूं नयेत. नाहीं तर कालांतरानें मेलेले लोक जित्यांना घराबाहेर काढतील. या नियमाचें कारण त्यानें असेंच लिहून ठेविलें आहे. मला हें वाक्य वाचून त्या माणसाविषयीं आदर वाटला. ज्या पुण्यावर संस्था उभी राहिली, त्याच पुण्याला मर्यादा घालणें सोपें नसतें.

याच पीटरचीं आणखी दोन कृत्यें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. ॲबेलार्ड हा त्या काळचा मोठा तर्कपंडित. धर्मसभेनें त्याचीं मतें पाखंडी ठरविलीं, आणि तो म्हातारा, आजारी माणूस पोपकडे दाद मागण्यास रोमची वाट चालूं लागला. वाटेंत क्लूनी लागलें. पीटरनें त्याला ठेवून घेतलें, त्याच्या प्रतिपक्ष्याशीं त्याचा समेट घडवून आणला, आणि पोपकडून त्याला क्लूनीसच राहण्याची परवानगी मिळविली. ११४२ मध्यें क्लूनीच्याच एका शाखामठांत ॲबेलार्ड वारला; तेव्हां पीटरनें त्याची एके काळची पत्नी हेलोईझ हिला सांत्वनपर पत्र लिहिलें, आणि त्याचा देह तिच्या मठांत पोंचविला. दुसरें कृत्य त्याच सुमाराचें. ११४२ मध्यें तो स्पेनमध्यें गेला असतां त्यानें कांहीं विद्वानांना द्रव्य देऊन कुराणाचें लॅटिन भाषांतर करविलें. तें केटन गांवच्या रॉबर्ट नांवाच्या इंग्रजानें ११४३ मध्यें पुरें केलें. लॅटिनमधील हें पहिलेंच संपूर्ण भाषांतर. पीटरचा हेतु खंडनाचा होता, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. परंतु ज्या शतकांत सारे जण तरवारीची भाषा बोलत होते, त्यांत प्रतिपक्ष्याचा ग्रंथ आधीं वाचावा तरी, असें म्हणणारा हा एक निघाला. ज्यांच्या सोन्यानें मंदिर उभें राहिलें, त्यांचा धर्मग्रंथ अशा रीतीनें त्याच मठाच्या खर्चानें युरोपच्या वाचनांत आला. चारशें वर्षांनीं, १५४३ मध्यें, तें भाषांतर बाझल येथें छापलें गेलें.

आतां गांवाकडे वळूं. मठाभोंवतीं गांव वाढलें, तें मठाच्याच गरजांवर: पाथरवट, सुतार, विणकर, खाटीक, भटारी, यात्रेकरूंचे खाणावळवाले. खालीं दुकान आणि वर नक्षीदार खिडक्यांची ओळ, अशीं बाराव्या शतकांतील दगडी घरें तेथें आजही उभीं आहेत. मठ हा गांवचा अन्नदाता होता आणि मालकही होता. आणि ज्याचें खावें त्याच्यावरच कुरकुरावें, हा मनुष्यस्वभाव फ्रान्समध्यें कांहीं निराळा नाहीं. पण प्रसंगीं गांवानें मठासाठीं रक्तही सांडलें. ११६६ मध्यें शेजारच्या शालों परगण्याचा काउंट भाडोत्री सैनिक घेऊन क्लूनीवर चालून आला. यति पवित्र अवशेष घेऊन मिरवणुकीनें सामोरे निघाले आणि गांवकरी निःशस्त्र त्यांच्याबरोबर निघाले. सैनिकांनीं त्यांची कत्तल केली. पुढें राजा सातवा लुई यानें काउंटाला शासन केलें.

त्यानंतरच्या सहाशें वर्षांची कथा थोडक्यांत आटोपतों, कारण तींत उतरती कळाच आहे. अधिपति निवडण्याचा हक्क, जो दानपत्राचा प्राण होता, तो गेला. राजा आपल्या मर्जीतल्या माणसाला मठाची गादी देऊं लागला. तो पॅरिसमध्यें राहून उत्पन्न घेई. रिशल्यू आणि माझारिन हे फ्रान्सचे सुप्रसिद्ध मुख्य प्रधान दोघेही क्लूनीचे मठाधिपति होते! विल्यमनें आपल्या वंशजांना सुद्धां जी गोष्ट नाकारली, ती अशी झाली. सोळाव्या शतकांतील धर्मयुद्धांत, १५६२ मध्यें, प्रॉटेस्टंटांनीं मठ लुटला व ग्रंथालयाची नासधूस केली. अठराव्या शतकाच्या मध्यास यतींनीं स्वतःच आपलीं मध्ययुगीन निवासस्थानें पाडलीं आणि त्या जागीं राजवाड्यासारखी प्रशस्त, भरपूर उजेडाची नवी इमारत बांधली. पाडापाडीची सुरुवात घरच्यांनींच केली, हें विसरतां येत नाहीं.

मग १७८९ ची क्रांति आली. १७९० मध्यें मठवासी पंथ बरखास्त झाले. १७९१ मध्यें मंदिरांतील शेवटची उपासना झाली. १७९३ च्या सुमारास मूर्ति फोडल्या गेल्या, कागदपत्रें जाळलीं गेलीं. येथवर माझें वर्गांतलें उत्तर बरोबर होतें. पण मंदिर उभेंच होतें! भिंती, छत, मनोरे, सारें जागच्या जागीं. क्रांतीच्या क्रोधाला एवढा दगड पाडण्यास सवड झाली नाहीं. रोबेस्पिअर १७९४ मध्यें गेला. मंदिर विकलें गेलें तें त्यानंतर चार वर्षांनीं, १७९८ मध्यें, आणि घेणारे होते माकों शहराचे व्यापारी. त्यांना धर्माचा द्वेष नव्हता कीं प्रेम नव्हतें. त्यांना दगड, शिसें आणि लांकूड विकावयाचें होतें. त्यांनीं मंदिराच्या मुख्य दालनांतून आरपार रस्ता काढला आणि मंदिर खाणीसारखें विकण्यास प्रारंभ केला. विरोधाचे अर्ज पॅरिसला गेले नाहींत असें नाहीं; पण गाड्या भरतच राहिल्या. १८११ मध्यें मोठा मनोरा सुरुंग लावून उडविला. काम थांबलें तें १८२३ च्या सुमारास. तोंवर प्रजासत्ताक जाऊन सम्राट आला, सम्राट जाऊन जुन्या घराण्यांतला राजा परत आला. तीन राजवटी पालटल्या, आणि पहार चालूच राहिली. नेपोलियन १८०५ मध्यें माकोंवरून जात असतां क्लूनीच्या लोकांनीं त्याला आमंत्रण केलें, तेव्हां, तुम्ही आपलें मंदिर विकूं दिलेंत, मी तुमच्या गांवीं येणार नाहीं, असें त्यानें त्यांना फटकारल्याची दंतकथा आहे. असेलही. पण त्याच नेपोलियनच्या कारकीर्दींत क्लूनीस सरकारी अश्वशाळा स्थापन झाली, आणि तिच्या इमारतींना मंदिराचा दगड लागला. ड्यूकच्या कुत्र्यांनीं सोडलेल्या जागीं सम्राटाचे घोडे आले.

काय राहिलें? ज्याचा कोणाला तरी उपयोग होता, तें राहिलें. यतींनीं बांधलेली नवी इमारत शाळेला उपयोगी पडली. १९०१ पासून तेथें यंत्रविद्येचें राष्ट्रीय विद्यालय आहे. तेराव्या शतकांतलें पिठाचें कोठार राहिलें. मंदिरापैकीं मोठ्या आडव्या दालनाची दक्षिणेकडील भुजा आणि तिच्यावरचा 'पवित्र जलाचा मनोरा' तेवढा राहिला. हा मनोरा अष्टकोनी, सुमारे दोनशें फूट उंच आहे. साऱ्या मंदिराचा हा दहावा हिस्साही नाहीं. पण त्या भुजेच्या तळाशीं उभें राहून वर पाहिलें कीं मान दुखते, असें पाहून आलेले लोक सांगतात. पिठाच्या कोठारांत आज गाभाऱ्याच्या खांबांचीं शिल्पमय शिखरें मांडलेलीं आहेत. त्यांपैकीं दोहोंवर ख्रिस्ती गायनांतील आठ स्वरपद्धतींच्या मूर्ति आहेत. एक जण मांडीवर तंतुवाद्य घेऊन वाजवीत बसला आहे. ज्या मंदिरांत रात्रंदिवस गायन चालावयाचें, त्याचा हा तेवढा आवाज शिल्लक आहे, आणि तोही दगडाचा.

नांवें मात्र पुष्कळ वांचलीं. मठाचीं उरलीं-सुरलीं हस्तलिखितें १८८१ मध्यें पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें घेतलीं. क्लूनीचीं दानपत्रें १८७६ ते १९०३ या काळांत सहा जाड खंडांत छापून निघालीं. त्यांची संख्या पांच हजारांहून अधिक भरते. अमक्या गांवच्या अमक्यानें बायकोच्या आत्म्यासाठीं द्राक्षमळ्याचा एक तुकडा दिला, अशा नोंदी पानोपानीं. दगडाचा दर लागला. कागदाचा फारसा कोणाला लागला नाहीं, म्हणून तो वांचला असावा. पुढें १९२८ मध्यें केनेथ कोनंट नांवाचे अमेरिकन प्राध्यापक क्लूनीस आले आणि १९५० पर्यंत, मधलीं युद्धाचीं वर्षें सोडून, गांवच्या रस्त्यांखालीं व अश्वशाळेच्या अंगणांत खणीत राहिले. पायाचे दगड जेथें जेथें लागले, तेथें तेथें मोजून त्यांनीं नाहींशा झालेल्या मंदिराचे नकाशे तयार केले.

त्या मधल्या वर्षांतही क्लूनीला नव्या मृतांची यादी करावी लागली. जर्मन अंमलाखालीं या परिसरांत गुप्त प्रतिकाराची चळवळ जोरांत होती. १४ फेब्रुवारी १९४४ रोजीं जर्मनांनीं गांवाला वेढा घालून धरपकड केली. पकडलेल्या स्त्रीपुरुषांची छळछावण्यांत रवानगी झाली, आणि त्यांतले पुष्कळ परतले नाहींत. त्याच वर्षीं ११ ऑगस्टला गांवाभोंवतीं लढाई झाली व गांवावर बाँबही पडले. ती तारीख आज तेथील एका चौकाचें नांव आहे.

यतींच्या त्या प्रशस्त इमारतींत यंत्रविद्या शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनीं व शिक्षकांनीं १९९० च्या सुमारास कोनंटांचीं मापें घेऊन, संगणकावर ओडिलो-ह्यूच्या मठाचें मंदिर पुन्हां उभें करण्यास प्रारंभ केला. पडद्यावर त्याच्या पांचही वाटांतून चालतां येतें, आणि खिडक्यांतून येणारें ऊन सुद्धां दिसतें. पुढें नव्यानें मोजणी करून तें काम अधिक अचूक करण्यासाठीं त्यांनीं एक योजना आंखली. तिला नांव दिलें, गुंझो.